गळका पाट, ओला डोंगर: स्पेनमधल्या आल्पुहाराची गोष्ट

कापिलेइरा गावातून वर निघालेली पायवाट चेस्टनटच्या झाडांत शिरली आणि पाण्याचा आवाज कानावर आला. ओढा असेल म्हणून वाकून पाहिलं, तर पाट निघाला. हात-दीड हात रुंद, मातीचा, डोंगराच्या कडेला चिकटून जवळजवळ सपाटीनं चाललेला. आणि गळका. बाहेरच्या काठातून चार ठिकाणी पाणी झिरपत होतं, खाली गवत हिरवंगार झालं होतं आणि वाटेवर चिखल.

माझं आजोळ साक्री तालुक्यातलं, पांझरेच्या काठचं. फडाचं पाणी, पाटकरी, पाळी हे शब्द घरात रोजचे. पाट फुटला की आजोबा हातातलं ताट बाजूला सारून फावडं घेऊन धावायचे. त्यामुळे गळती दिसली की हात आपोआप पुढे होतो. मी गवताची एक ढेप उचलून भोकात दाबायला गेलो, तेवढ्यात मागून आवाज आला, "देहेलो." म्हणजे राहू द्या. खांद्यावर कुदळ टाकलेले एक आजोबा उभे होते. त्यांनी खाली झाडांकडे बोट दाखवलं, मग आणखी खाली दरीतल्या गावाकडे, आणि पुढे निघून गेले.

त्या बोटाचा अर्थ कळायला मला दोन दिवस आणि बरीच पायपीट लागली. तो कळला तर आल्पुहारात जे जे बघण्यासारखं आहे, म्हणजे गावं, पायऱ्यांची शेतं, जुन्या गिरण्या, झरे, चालायच्या वाटा, त्या सगळ्याचा धागा हाती लागतो. नाही कळला तर ती फक्त सुंदर पांढरी गावं राहतात, आणि पांढरी गावं स्पेनमध्ये पुष्कळ आहेत.

आधी जागा समजून घेऊ. स्पेनच्या दक्षिण टोकाला आंदालुसिया प्रांत, त्यात ग्रानादा शहर आणि त्याच्या पाठीशी सिएरा नेवादा ही पर्वतरांग. तिचं सगळ्यात उंच शिखर मुलासेन ३,४७९ मीटरचं. कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. संपूर्ण आयबेरियन द्वीपकल्पात याहून उंच जागा नाही. या रांगेचा दक्षिण उतार म्हणजे आल्पुहारा. वर बर्फ आणि समोर भूमध्य समुद्र, मध्ये सरळ रेषेत जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटर. हवा स्वच्छ असली तर शिखरावरून समुद्रापलीकडचे आफ्रिकेचे डोंगर दिसतात. उतारावर खोल घळी आहेत आणि घळींच्या काठांना गावं लटकलेली. पोकेइरा नदीच्या घळीत पाम्पानेइरा, बुबिओन आणि कापिलेइरा एकाच्या डोक्यावर एक. पलीकडच्या घळीत त्रेवेलेस, सुमारे १,४७५ मीटरवर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा पावणेदोनशे मीटर कमी उंचीवर चक्क गाव, त्यात शाळा, चर्च आणि छताला टांगलेल्या डुकराच्या तंगड्यांची दुकानं. तिथल्या थंड कोरड्या हवेत मीठ लावून वाळवलेला हा हॅम स्पेनभर प्रसिद्ध आहे.

आता अडचण. आपल्याकडे पाऊस उन्हाळ्यानंतर लगेच येतो आणि पिकं त्याच पावसावर उभी राहतात. भूमध्य समुद्राच्या भागात उलटं असतं. पाऊस आणि बर्फ पडतं हिवाळ्यात. जून ते सप्टेंबर आकाश कोरडं ठणठणीत, आणि पिकाला पाण्याची गरज नेमकी तेव्हाच. बर्फ वितळायला लागतं मार्च-एप्रिलपासून, मे-जूनमध्ये नद्या फुगतात, जुलैत उतरतात. उतार इतका उभा की वितळलेलं पाणी घडीभर थांबत नाही. घळीतून धडधडत ग्वादालफेओ नदीला आणि तिथून समुद्राला. तेव्हा प्रश्न सोपा आहे, उत्तर अवघड: मे महिन्यातलं पाणी ऑगस्टपर्यंत ठेवायचं कुठे?

इतक्या उभ्या उतारावर धरण बांधायला जागाच नाही. इथल्या माणसांनी काढलेला तोडगा असा, की पाणी डोंगराच्याच पोटात ठेवायचं.

त्यासाठीचे पाट वेगळे. स्पॅनिशमध्ये पाटाला म्हणतात आसेकिया. त्यात दोन जाती. एक साधी, सिंचनाची: नदीतून पाणी घ्यायचं, शेतापर्यंत न्यायचं, पाळीनं वाटायचं. ही जगभर आहे. दुसरी 'आसेकिया दे कारेओ', आणि ती मुख्यतः सिएरा नेवादाची खासियत. कारेओचा पाट शेताकडे जातच नाही. गावाच्या कितीतरी वर, बर्फाच्या रेषेच्या खाली, ओढ्याला दगड आणि गवताच्या ढेपांचा साधा बांध घालतात. पूर आला की तो वाहून जावा इतका कच्चा. पुढच्या वर्षी परत घालायचा. तिथून पाणी डोंगराच्या कडेनं, अगदी हलक्या उतारानं, काही किलोमीटर नेतात. वाटेत ते झिरपत जातंच. शेवटी पाट अशा ठिकाणी पोचतो जिथे खडक भेगाळलेला आणि झिजलेला असतो. तिथे काठ उघडतात आणि पाणी माळावर मोकळं सोडून देतात. या जागांना तिथे 'सिमा' म्हणतात. पाणी गवतात पसरतं, बुडबुडे येतात आणि काही वेळानं जमिनीत गडप होतं.

ते पाणी कुठे जातं, हे कळायला पायाखालचा खडक बघावा लागतो. सिएरा नेवादाचा गाभा पापुद्र्यांच्या, अभ्रकाचे कण असलेल्या खडकाचा आहे. उन्हात वाट चमचमते ती त्यामुळे. हा खडक खोलवर घट्ट आहे, पाणी घेत नाही. वरचा थर मात्र उन्हापावसानं, बर्फानं फुटून भुसभुशीत झालेला. आपल्याकडे काळ्या पाषाणावर मुरूम असतो तसा. विहीर खणणाऱ्याला विचारा, पाणी मुरमात लागतं. खाली काळा दगड लागला की सुरुंग. तिथेही तसंच. माळावर सोडलेलं पाणी या भुसभुशीत थरात उतरतं, खालच्या घट्ट खडकावर अडतं आणि उतारानं सरकायला लागतं. पण सरकतं गोगलगायीच्या चालीनं. घळीतून जे पाणी एका दिवसात डोंगर उतरून गेलं असतं, त्याला पोटातून उतरायला आठवडे लागतात, कुठे कुठे महिने. शेवटी ते खाली झऱ्यातून फुटतं, ओढ्याच्या तळाला मिळतं, गावच्या कारंज्यात येतं. तोवर उन्हाळा लागलेला असतो.

'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा ऐकत आपण मोठे झालो. आल्पुहारातले लोक पाणी अडवत नाहीत. वळवतात आणि जिरवतात. यातली खुबी ही, की साठा बांधावा लागत नाही, तो गाळानं भरत नाही आणि उन्हानं आटत नाही. गैरसोय अशी की नळ फिरवून हवं तेव्हा पाणी परत मागता येत नाही. कुठे सोडलं की कुठल्या झऱ्याला आणि किती दिवसांनी फुटेल, हे पिढ्यान्पिढ्या बघून ठरवावं लागतं. ही माहिती कागदावर फारशी नव्हती. ती होती पाट सांभाळणाऱ्याच्या डोक्यात. त्याला आसेकिएरो म्हणतात, आपला पाटकरीच. कोणत्या महिन्यात कोणती सिमा उघडायची, कोणत्या भोकात ढेप घालायची आणि कोणतं गळतं तसंच राहू द्यायचं, हे त्याचं काम. मला हटकणारे आजोबा त्याच जातकुळीतले.

शेताच्या पाटांवरही गळती ही चूक मानत नाहीत. पाटाच्या काठानं चेस्टनटची, ओकची मोठमोठी झाडं एका रांगेत दिसतात. दरीच्या पलीकडून पाहिलं तर डोंगरावर कुणी हिरव्या पेन्सिलीनं आडवी रेघ मारल्यासारखं वाटतं. झाडांची मुळं काठ धरून ठेवतात, सावलीनं बाष्पीभवन कमी होतं, आणि झिरपलेलं पाणी खालच्या पायरीच्या शेताला, तिथून आणखी खालच्या झऱ्याला. वरच्याचं वाया गेलेलं पाणी हे खालच्याचं पाणी.

आसेकिया हा शब्द अरबी 'अस-साकिया'वरून आला. मूळ धातू पाजण्याचा, पाणी देण्याचा. गझलांमध्ये प्याला भरून देणारा साकी आपल्याला चांगला माहीत आहे. तो याच धातूचा. पाणी साठवायचं तळं आल्बेर्का, टाकं आल्हिबे, बंधारा आसुद, रहाटगाडगं नोरिया: स्पॅनिशमधला पाण्याचा शब्दकोश बराचसा अरबी आहे. आठव्या शतकात मुस्लिम सत्ता स्पेनमध्ये आली आणि पुढच्या शतकांत अरब आणि बर्बर (उत्तर आफ्रिकेतले मूळ रहिवासी) वस्त्यांनी या डोंगरात पाटांचं जाळं विणलं.

इथून इतिहास जरा काळजीपूर्वक सांगायला हवा, कारण पर्यटकांच्या माहितीपत्रकात तो दोन ओळींत गुंडाळतात. २ जानेवारी १४९२ रोजी ग्रानादाचा शेवटचा सुलतान बोआब्दिल यानं शहर फेर्नांदो आणि इसाबेल या कॅथलिक राजाराणीच्या हवाली केलं. बदल्यात त्याला आल्पुहाराची जहागीर मिळाली. १४९३ साली तोही मोरोक्कोला निघून गेला. मुलासेन शिखराला नाव मिळालं ते त्याच्या बापाचं, मुलेय हासेनचं. त्याला तिथेच पुरलं अशी दंतकथा आहे. तहात मुसलमानांना धर्म आणि चालीरीती पाळायची मुभा होती. ती दहा वर्षंही टिकली नाही. सक्तीनं बाप्तिस्मा झालेल्या या लोकांना मोरिस्को म्हणू लागले. १५६७ साली राजा फेलिपे दुसरा याच्या फर्मानानं अरबी भाषा, पोशाख, हमाम सगळ्यांवर बंदी आली आणि १५६८ च्या नाताळच्या आदल्या रात्री आल्पुहारात बंड पेटलं. वालोरच्या एका सरदारानं आबेन हुमेया हे नाव घेऊन स्वतःला राजा म्हणवलं. वर्ष संपायच्या आत त्याच्याच माणसांनी त्याला मारलं. त्याचा वारस आबेन आबो १५७१ साली मारला गेला. दोन्ही बाजूंनी भयंकर कत्तली झाल्या. शेवटी ग्रानादाच्या मोरिस्कोंना थंडीवाऱ्यात चालवत कास्तिलियात नेऊन विखुरलं आणि १६०९ पासून स्पेनमधूनच हाकलून दिलं.

गावं ओस पडली. तिथे गालिसिया, लेओन, कास्तिलिया अशा लांबच्या भागांतून शेतकरी आणून वसवले. पावसाच्या प्रदेशातून आलेल्या माणसाला हा पाटांचा गुंता कसा कळला असेल? गावोगावी एक गोष्ट सांगतात की प्रत्येक गावात दोन मोरिस्को कुटुंबं मुद्दाम मागे ठेवली, नव्यांना पाणी शिकवायला. मला ती थोडी गोष्टीसारखीच वाटते. भक्कम पुरावा आहे तो वह्यांचा. नवी वसाहत करताना सरकारी माणसांनी जुन्या जाणत्यांना बोलावून, शिवारात फिरून शेतं, तुतीची झाडं, गिरण्या आणि पाण्याच्या पाळ्या लिहून घेतल्या. या वह्यांना लिब्रोस दे आपेओ म्हणतात. म्हणजे जुन्यांची वहिवाट नव्या राजवटीच्या दप्तरात गेली आणि टिकली. सगळंच टिकलं नाही. आल्पुहाराचं रेशीम एकेकाळी नावाजलेलं होतं. किड्यांची निगा जाणणारी माणसं गेली आणि तो धंदा हळूहळू बसला.

जाता जाता: पाम्पानेइरा, कापिलेइरा या '-एइरा' शेपटीच्या नावांवरून ती गालिसियाच्या लोकांनी दिली, असं वाटाडे हमखास सांगतात. ऐकायला बरं वाटतं, पण पोकेइरा हे नाव ग्रानादाच्या सुलतानांच्या काळातही होतं.

आता गावात शिरू. कापिलेइरात मान वर करून बघण्याआधी खाली बघा, म्हणजे वरच्या गल्लीतून खालच्या घराच्या छपरावर. छप्पर सपाट, राखाडी मातीचं. माझी तर वाचाच बसली, कारण हे आपलं माळवद. खानदेशात धाब्याचं घर म्हणतात तेच. भिंती दगडमातीच्या, त्यावर चेस्टनटच्या लाकडाच्या तुळया, तुळयांवर फळ्या किंवा वेत, त्यावर पातळ दगडी फरश्या आणि सगळ्यात वर हातभर माती. आपल्याकडे ती पांढरीची किंवा खारी माती असते. तिथे 'लाउना' म्हणतात: याच डोंगरातल्या खडकाचा झिजून झालेला राखाडी भुगा. कोरडी असताना ती भुसभुशीत. पाणी पडलं की कण फुगून एकमेकांना चिकटतात आणि पाणी आत उतरत नाही. लाउना उतरत्या चंद्राच्या पंधरवड्यातच पसरायची, अशी रूढी आहे; आपल्याकडच्या गवंड्यानंही मान डोलावली असती. दोन घरांच्या मधल्या गल्लीवर खोली बांधून खाली बोगदा केलेला दिसतो, तो तिनाओ. खाली सावली आणि वर एक खोली जास्तीची. अशी मातीच्या छपरांची गावं मोरोक्कोच्या अॅटलास पर्वतात आजही आहेत. चुन्याच्या शुभ्र रंगावर मात्र फार भाळू नका. जुन्या काळी इथली कितीतरी घरं दगडामातीच्याच रंगाची होती. घळीतल्या या तीन गावांना १९८२ पासून ऐतिहासिक वास्तुसमूह म्हणून संरक्षण आहे.

गावाबाहेर वाऱ्याच्या तोंडावर गोल दगडी फरशीची जागा दिसेल. बाकावर बसावं तसे लोक तिथे बसून सूर्यास्त बघतात, फोटो काढतात. ते खळं आहे. स्पॅनिशमध्ये एरा. मधोमध खेचरं फिरवून मळणी, मग वाऱ्यावर उफणणी. जागा निवडली ती दृश्यासाठी नव्हे, वाऱ्यासाठी.

पोर्तुगोस गावाच्या कडेला फुएन्ते आग्रिया नावाचा झरा आहे. पाण्यात लोह इतकं की दगड गंजासारखे लालभडक, आणि मुळातच विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी जिभेला चुरचुरतं. एक घोट घ्या, दुसरा घ्यावासा वाटणार नाही. आणखी पश्चिमेला लान्हारोनचं पाणी बाटल्यांतून देशभर विकलं जातं, तिथे औषधी स्नानगृहं आहेत आणि कड्यावर पडका किल्ला. बुबिओनच्या समोरच्या उतारावर तिबेटी बौद्ध केंद्र आहे, ओ सेल लिंग. १९८० साली सुरू झालं आणि दोन वर्षांनी दलाई लामा येऊन गेले. प्रार्थनेच्या पताका आणि मागे बर्फाचं शिखर, क्षणभर आपण लाहौलमध्ये आहोत असं वाटतं.

चालायचं तर कुठून? पहिल्या दिवशी शिखराच्या नादी लागू नका. कापिलेइरातून पोकेइरा घळीत उतरून नदीवरच्या छोट्या पुलांवरून पलीकडे जाणारी आणि परत येणारी फेरी निवडा. जुनी खळी, पडकी शेतघरं, पायऱ्यांच्या शेतांच्या दगडी ताली आणि तीन-चार जिवंत पाट एवढं सगळं अर्ध्या दिवसात भेटतं. नदीच्या वरच्या अंगाला ला सेबादिया ही वस्ती लागते. वीजनिर्मितीच्या कामगारांसाठी वसवलेली आणि आता ओस. पाट ओळखायची युक्ती सांगतो: डोंगरात चालताना वाट अचानक सपाट झाली आणि बराच वेळ सपाटच राहिली, तर ती माणसानं पाण्यासाठी कोरलेली आहे. नैसर्गिक डोंगर इतका सभ्य नसतो.

मुलासेनला जायचं तर उन्हाळ्यात, साधारण जूनअखेर ते सप्टेंबर. वरच्या रस्त्यावर खासगी गाड्यांना बंदी आहे. राष्ट्रीय उद्यानाची मिनीबस कापिलेइरातून सुमारे २,७०० मीटरपर्यंत सोडते. तिथून माथा पावणेआठशे मीटर वर. वाट सोपी, पण हवा विरळ आणि वारा बेभान. ऑगस्टमध्येही जाकीट हवंच. त्रेवेलेसहून सिएते लागुनास, म्हणजे सात तळ्यांच्या खोऱ्यात जाणारी वाट जास्त देखणी आणि कितीतरी जास्त दमवणारी. ज्यांना दिवसचे दिवस चालायचं आहे त्यांच्यासाठी जीआर-७ ही लांब पल्ल्याची वाट गावागावातून जाते आणि सुलायर नावाची वाट पूर्ण पर्वताला सुमारे तीनशे किलोमीटरचा वळसा घालते. सुलायर हे या पर्वताचं अरबी नाव.

माझा सल्ला मे-जूनचा. तेव्हा वर बर्फ, खाली चेरी आणि पाट भरलेले. पाटाच्या काठावरून चालताना कडेची माती पाडू नका, पाण्यात दगड टाकू नका आणि हो, भोकं बुजवू नका. ग्रानादाहून बस येते, पण दिवसाला मोजक्या. मी परतीची शेवटची बस चुकवली आणि एक रात्र जास्त राहिलो, त्याचं मला काही वाईट वाटलेलं नाही. शाकाहारी माणसाची जेवणात थोडी पंचाईत होते. 'पापास आ लो पोब्रे' मागा, गरिबाचे बटाटे. कांदा आणि ढोबळी मिरची घालून ऑलिव्हच्या तेलात मंद आचेवर परतलेले. वर अंडं नको, सॉसेज नको हे आधीच सांगा.

आता पाटांचं आज काय चाललंय? विसाव्या शतकाच्या मध्यापासून तरुण मंडळी बार्सेलोनाला, जर्मनीला कामाला गेली. पाटाला दरवर्षी साफसफाई लागते. माणसंच नाहीत तर कोण करणार? मग सोय म्हणून कितीतरी ठिकाणी पाटाला सिमेंट केलं, कुठे प्लास्टिकचा पाइप टाकला. हिशोब बरोबर होता: गळती बंद, तेवढंच पाणी जास्त शेताला. फक्त काठचे चेस्टनट वाळायला लागले आणि खालचे झरे बारीक झाले, कारण ते गळतीवरच जगत होते. भूजलाचे अभ्यासक आणि ग्रानादा विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ गेली काही वर्षं हेच मोजमापासह दाखवून देतायत, आणि बर्फ कमी होत चाललेल्या काळात त्यांचं ऐकणारेही वाढलेत.

नुसतं बोलून ते थांबले नाहीत. २०१४ साली कान्यार गावाच्या वरचा, जवळपास तीन दशकं बंद पडलेला एक पाट गावकरी आणि विद्यार्थी स्वयंसेवकांनी कुदळ-फावड्यानं मोकळा केला. त्यानंतर आणखी बरेच झाले. अशा पाटात पहिल्यांदा पाणी सोडतात तेव्हा ते पुढे सरकतच नाही. तहानलेली माती आधी स्वतः पिते. पाण्याचं तोंड काडीकचरा ढकलत वीतभर पुढे जातं, थांबतं, मुरतं, परत भरतं. आसेकिएरो त्याच्या पुढे उलटा चालतो, कुदळीनं पानं बाजूला ओढत, आणि गावकरी त्याच्या मागे, पाण्याच्या चालीनं.